व्हिक्टोरियन कादंबरीतलं न लिहिलेलं कसं वाचायचं

बीएच्या दुसऱ्या वर्षी आम्हाला टेस होती, थॉमस हार्डीची 'टेस ऑफ द डर्बरव्हिल्स', १८९१ ची. मी गाईड न घेता सबंध मूळ पुस्तक वाचत होते म्हणून जरा भावच खात होते, आणि मग चौदाव्या प्रकरणात शेतात कापणी चाललीय, जेवणाची सुट्टी होते आणि टेस एका तान्ह्या बाळाला पाजायला घेते. मी थांबलेच. हे बाळ कुठून आलं? कधी झालं? वीस पानं मागे गेले, काही नाही. वर्गात विचारलं तर सर म्हणाले "पुढे येईल", आणि फळ्याकडे वळले. पुढे काहीच येत नाही हो. जे व्हायचं ते मागेच होऊन गेलेलं असतं, दोन भागांच्या मधल्या कोऱ्या जागेत.

तर हे सगळं त्यांच्यासाठी, ज्यांनी अशी एखादी व्हिक्टोरियन, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या राणी व्हिक्टोरियाच्या काळातली इंग्रजी कादंबरी वाचायला घेतली आणि "काहीच घडत नाहीये, नुसते चहा पितायत" म्हणून सोडून दिली. घडतं, भरपूर घडतं, फक्त ते कुठे ठेवलंय ते माहीत पाहिजे. स्पॉयलर खूप आहेत, पण पुस्तकं सव्वाशे वर्षांहून जुनी आहेत, आता काय लपवायचं.

पहिलं काम म्हणजे पेन्सिल घ्या आणि मार्जिनमध्ये महिने लिहीत जा. टेसचंच बघा. ॲलेक, म्हणजे टेस ज्यांच्याकडे कामाला असते त्या घरचा मुलगा, तिला घोड्यावर घेऊन धुक्यात रस्ता चुकतो, द चेस नावाच्या जंगलात, तो सप्टेंबरमधला शनिवार आहे. तिथे प्रकरण संपतं, पुस्तकाचा पहिला भागच संपतो, ज्याचं नाव होतं 'कुमारिका'. पान उलटलं की दुसऱ्या भागाचं नाव 'आता कुमारिका नाही', आणि टेस जड टोपली उचलून ऑक्टोबरच्या अखेरीला रविवारी सकाळी आईकडे परत चाललीय. कापणीचा सीन त्याच्या पुढच्या ऑगस्टचा. मोजा बोटांवर. आपल्याकडे प्रत्येक घरात एक मावशी असते जी बारशाला गेली की पेढा तोंडात टाकता टाकता लग्नाची तारीख बारशाच्या तारखेतून वजा करते, तिच्यासारखं वाचायचं, बस.

त्या ऑक्टोबरच्या सकाळी अजून एक गंमत आहे, गंमत म्हणजे अंगावर काटा येणारी. वाटेत टेसला एक माणूस भेटतो, हातात लाल रंगाचा डबा, भिंतींवर नि कुंपणांवर बायबलमधली वचनं रंगवत फिरणारा, प्रत्येक शब्दापुढे एक स्वल्पविराम टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याच्या डोक्यात नीट ठोकलं जावं म्हणून. ती पुढे जाते, मागे वळून बघते तर त्याने एका भिंतीवर नवीन वचन घेतलेलं असतं, दहा आज्ञांमधलं, व्यभिचार करू नकोस हे. इंग्रजीत 'व्यभिचार' हा शब्द वाक्याच्या शेवटी येतो, आणि हार्डी त्याच्या आधीच एक आडवी रेघ मारून थांबतो. रंगाऱ्याचं वाक्य अर्धं, टेसचा चेहरा लाल. म्हणजे जंगलातली रात्र लिहायची नाही, ठीक, पण भिंतीवरचा शब्दसुद्धा लिहायचा नाही, आणि तरी वाचणाऱ्याला दोन्ही कळलंच पाहिजे. मला हे कळायला बारा वर्षं लागली!

आता हा एवढा संकोच का, तर त्यात धंदा होता. त्या काळी नवीन कादंबरी तीन खंडांत निघायची आणि संचाची किंमत असायची ३१ शिलिंग ६ पेन्स, साध्या घराला न परवडणारी, त्यामुळे लोक वर्गणी भरून लायब्ररीतून आणायचे. सगळ्यात मोठी लायब्ररी म्यूडीची. वर्षाला एक गिनी म्हणजे २१ शिलिंग भरले की एका वेळी एक खंड घरी, आणि तो खंड घरात संध्याकाळी मोठ्याने वाचला जायचा, बाप, आई, सोळा वर्षांची मुलगी सगळ्यांसमोर. म्यूडीने पुस्तक घेतलं नाही तर प्रकाशक बुडाला. साप्ताहिकांचंही तेच. टेस आधी 'द ग्राफिक' नावाच्या सचित्र साप्ताहिकात क्रमशः आली तेव्हा जंगलातली रात्र काढून तिथे एक खोटं लग्न घुसवावं लागलं, ॲलेकने फसवून लावलेलं. एंजल, टेसचा पुढे होणारा नवरा, पाणी साचलेल्या रस्त्यावरून चार गवळणींना उचलून पलीकडे नेतो ना, तिथे तर साप्ताहिकात त्याच्या हातात चक्क ढकलगाडी दिली, पोरी गाडीत बसून पलीकडे. हार्डीने पुस्तक काढताना बहुतेक सगळं परत उचलून जागेवर ठेवलं आणि वर पुस्तकाच्या नावाखाली 'एक शुद्ध स्त्री' असं छापलं. त्यावरून किती भांडणं झाली असतील ते सांगायला नकोच.

शब्दांचंही जरा सांभाळा, कारण इथे आपले हमखास घोळ होतात. कुणी कुणाला 'मेकिंग लव्ह' करतोय असं लिहिलं असेल तर तो सोफ्यावर दोन हात लांब बसून गोड गोड बोलतोय, एवढंच. 'इंटरकोर्स' म्हणजे बोलणं-चालणं, येणं-जाणं. 'इजॅक्युलेटेड' म्हणजे उद्गारला, आणि हे पाद्रीसुद्धा करतात, हसू आवरा. उलट 'कन्फाइनमेंट' हा साधा दिसणारा शब्द आला की समजायचं बाळंतपण. 'ती फार अशक्त झाली आणि तिला हवापालटासाठी लांब नेलं' असं आलं की पेन्सिल काढा, महिने लिहा. तसं बघायला गेलं तर मराठी वाचकाला हे जड जायलाच नको, आपण 'कावळा शिवला', 'दिवस गेले', 'पाऊल वाकडं पडलं' ऐकत मोठे झालो, कुणीही शब्दकोश उघडला नाही आणि सगळ्यांना सगळं कळत होतं. ते कान इकडे वापरायचे.

आणि हो, पियानोच्या पायांना लाजेखातर कापड गुंडाळायचे वगैरे जे फॉरवर्ड येतं ते सोडून द्या. ती कॅप्टन मॅरियाटने १८३९ च्या त्याच्या अमेरिकेच्या प्रवासवर्णनात अमेरिकन लोकांची उडवलेली खिल्ली आहे, इंग्लंडचं ते वर्णनच नाही.

आता मुख्य युक्ती. ही मला कुणी शिकवली नाही, विल्की कॉलिन्सची 'द वुमन इन व्हाइट' तिसऱ्यांदा वाचताना ध्यानात आली: जिथे शरीराबद्दल कुजबुज आहे तिथे कागद शोधा, आणि जिथे कागदांचं, पैशांचं बोलणं चाललंय तिथे शरीर शोधा.

ही कादंबरी १८५९-६० मध्ये डिकन्सच्या साप्ताहिकात ४० आठवडे चालली. त्यात मिसेस कॅथरिक म्हणून एक बाई आहे. गावात तिच्याबद्दल एकच गोष्ट पक्की, की तरुणपणी तिचं सर पर्सिव्हल नावाच्या बड्या माणसाशी लफडं होतं. नवऱ्याला तिच्या कपाटात सोन्याचं घड्याळ नि साखळी सापडली, पर्सिव्हल आणि ती चर्चच्या मागे कुजबुजताना दिसले, झालं, नवरा सोडून गेला, गावाने वाळीत टाकलं. वाचकही तेच धरून चालतो. आणि सत्य काय निघतं? घड्याळ मिळालं होतं चर्चच्या नोंदवहीची किल्ली दिल्याबद्दल. पर्सिव्हलच्या आई-बापाचं लग्नच झालेलं नव्हतं, म्हणजे तो 'सर'ही नाही आणि इस्टेटीचा मालकही नाही, म्हणून त्याने १८०३ सालच्या पानावर तळाशी उरलेल्या जागेत लग्नाची खोटी नोंद दाटीवाटीने बसवली. पकडलं कसं जातं तर त्या वहीची एक नक्कल दुसऱ्या गावात वकिलाकडे पडलेली असते, तिच्यात त्या पानावर ती जागा कोरी. बास, कोरी जागा, तोच पुरावा. आणि त्या बाईचं नाव खराब झालेलं पर्सिव्हलला सोयीचंच होतं, तिने सांगूनही त्याने नवऱ्याला खरं सांगितलं नाही. बाईच्या बदनामीचा पडदा केला आणि मागे कागदाचा गुन्हा लपवला.

ती बाई मग त्याच भागात हट्टाने राहते, वर्षानुवर्षं नीटनेटकं वागून इज्जत परत कमावते, आणि खिडकीशी बसून वाट बघते, कारण रस्त्याने जाणारा पाद्री आता तिला टोपी काढून नमस्कार करतो. हा नमस्कार वाचताना घाईने पुढे जाऊ नका. मला तर पर्सिव्हलच्या सगळ्या कारस्थानापेक्षा ती खिडकी जास्त लक्षात राहिलीय.

आता उलटा भाग. त्याच पुस्तकात नायिका लॉरा आणि पर्सिव्हलचं लग्न होतं, लॉराच्या नावावर २०,००० पौंड आहेत, आणि लग्नाच्या करारात असं की ती मूल न होता मेली तर पैसे नवऱ्याला. घरचा वकील बोंबलतो की अशी सही करू नका, पण लॉराच्या काकाला डोकेदुखी असते म्हणून तो ऐकत नाही (हा काका म्हणजे ग्रेट नमुना आहे). पुढे एका रात्री पर्सिव्हल आणि त्याचा मित्र काउंट फॉस्को खाली उघड्या खिडकीशी बसून हिशोब करतात आणि लॉराची बहीण मरियन पावसात छपरावर बसून ऐकते. ऐकायला जाण्याआधी तिने काय केलंय तर सळसळणारा रेशमी झगा काढून टाकलाय, आतले पांढरे घोळदार कपडेही, आणि गडद रंगाचा साधा परकर नि त्यावर प्रवासाचा काळा अंगरखा चढवलाय, की आता कुठल्याही पुरुषाइतकी अरुंद जागेतून जाऊ शकेन. पूर्ण पुस्तकात बाईच्या अंगावरून कपडा उतरतो तो इथे, आणि तो हेरगिरीसाठी! खाली पैशांचं बोलणं चाललेलं, आणि मध्येच मुलाबाळांचा विषय निघतो, तर पर्सिव्हल म्हणतो त्याची तर अजिबात शक्यता नाही. एक ओळ. म्यूडीचं पुस्तक आणणाऱ्या घरातल्या सोळा वर्षांच्या मुलीला तो नुसता हिशोब, आणि तिच्या आईला मात्र त्या लग्नाची बेडरूम लख्ख दिसली असणार.

कायदा थोडा माहीत हवा, जास्त नको, चार गोष्टी पुरतात. लग्न झालं की बाईची मालमत्ता बहुतेक नवऱ्याची, हे खऱ्या अर्थाने सुटलं १८८२ च्या कायद्याने. घटस्फोटाचं साधं कोर्ट १८५८ पासून, त्याआधी त्यासाठी संसदेत स्वतंत्र कायदा पास करावा लागायचा, म्हणजे फक्त बड्यांचं काम. आणि कोर्ट आल्यावरही नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढं कारण पुरे, बायकोला मात्र व्यभिचार अधिक क्रूरपणा, किंवा दोन वर्षं टाकून दिलेलं, असं काहीतरी वरून दाखवावं लागायचं, हा फरक १९२३ पर्यंत टिकला. वेड हे घटस्फोटाचं कारण झालं थेट १९३७ मध्ये. आता शार्लट ब्राँटीच्या 'जेन एअर'मधल्या माळ्यावर कोंडलेल्या बर्थाकडे, म्हणजे नायक रॉचेस्टरच्या वेड्या बायकोकडे परत बघा, रॉचेस्टरला तिच्यापासून सुटायचा कायदेशीर रस्ताच नाहीये, म्हणून तो माळा. त्याची बाजू घेत नाहीये मी, तो तिच्याबद्दल जे बोलतो त्यात वेडाच्या बरोबरीने 'चारित्र्य' पण येतं हे नोट करा, बर्थाला मात्र एक वाक्य बोलायला मिळत नाही.

या कायद्याच्या पोटातून एक अख्खी लाटच आली, सेन्सेशन नॉव्हेल म्हणायचे, आणि त्यातल्या एका गठ्ठ्याला समीक्षक वैतागून बिगमी नॉव्हेल म्हणायचे, म्हणजे एक नवरा जिवंत असताना दुसरा. सगळ्यात गाजलेली मेरी एलिझाबेथ ब्रॅडनची 'लेडी ऑडलीज सीक्रेट', १८६२. सुरुवात करायची तर इथून करा, मी तर म्हणते हार्डीच्याही आधी. एका गरीब, गोड, सोनेरी केसांच्या गव्हर्नेसला, म्हणजे लोकांच्या घरी राहून मुलांना शिकवणाऱ्या बाईला, म्हातारा सर मायकल मागणी घालतो, ती हो म्हणते, आणि खोलीत जाऊन गळ्यातल्या काळ्या फितीला अडकवलेली कागदात गुंडाळलेली अंगठी हातात धरते. पुढे तिची मोलकरीण एका चोरकप्प्यात बाळाचा लोकरी बूट आणि जावळाची बट शोधून काढते. मोलकरणीचा होणारा नवरा हसतो की रुपया पैसा सोडून हे काय घेतलंस, ती म्हणते हे हिऱ्यांपेक्षा महाग आहे. बरोबरच आहे, एका बुटात लग्न, बाळंतपण आणि पहिला नवरा तिन्ही आले.

पहिला नवरा तिला झोपेत, तान्ह्या पोरासकट सोडून ऑस्ट्रेलियाला सोनं शोधायला गेला होता, साडेतीन वर्षं एक पत्र नाही. कायद्यात सात वर्षं नवऱ्याचा पत्ता नसेल तर दुसऱ्या लग्नाला गुन्हा धरत नसत. साडेतीन म्हणजे बरोब्बर अर्धं. असे आकडे हे लोक उगाच टाकत नाहीत.

पण खरा मासला शेवटी आहे. सगळं उघडं पडल्यावर कुटुंबाला कोर्ट नकोय, बोभाटा नकोय, म्हणून डॉक्टर मॉसग्रेव्हला बोलावतात, ती वेडी आहे म्हणून लिहून द्या. डॉक्टर सगळं ऐकून म्हणतो की नांदतं घर सोडलं कारण तिथे सुख नव्हतं, दुसरं लग्न केलं कारण पैसा आणि मान मिळत होता, यात वेड कुठे आहे? मग पहिल्या नवऱ्याच्या खुनाचा संशय निघतो, तो आत जाऊन तिच्याशी थोडा वेळ बोलतो, बाहेर येतो आणि म्हणतो, बाई वेडी नाही, पण धोकादायक आहे. आणि बेल्जियममधल्या वेड्यांच्या खाजगी इस्पितळासाठी चिठ्ठी लिहून देतो. ही दोन पानं लागोपाठ दोनदा वाचा. शहाणपणाचा दाखला देऊन वेड्यांच्या घरात पाठवलेली बाई! आणि हे लिहिणारी ब्रॅडन स्वतः एका प्रकाशकाबरोबर राहत होती ज्याची बायको जिवंत होती आणि वेड्यांच्या इस्पितळात होती, ती वारल्यावर १८७४ मध्ये दोघांनी लग्न केलं. मी लेखकाच्या आयुष्यावरून पुस्तक वाचायच्या विरोधात आहे एरवी, पण इथे हात शिवशिवतात.

माझ्या सासूबाईंना ही गोष्ट मी भाजी निवडताना सांगितली, त्यांनी गवारीचं देठ मोडता मोडता एवढंच विचारलं, "तीन वर्षं पैसे नाही, पत्र नाही, मग तिने खायचं काय?" मला वाटतं ब्रॅडनलाही हाच प्रश्न विचारायचा होता, फक्त उत्तरादाखल तिला विहिरीत नवरा ढकलावा लागला.

बायकांच्या इच्छेबद्दल हे लोक काय म्हणायचे हे शोधायला एक सोपी वाट आहे, चिडलेल्यांना वाचा. विल्यम ॲक्टन नावाच्या डॉक्टरने १८५७ मध्ये लिहून टाकलं की बहुसंख्य बायकांना तसल्या भावनेचा फारसा त्रासच नसतो. आणि दहा वर्षांनी मार्गारेट ऑलिफंट, स्वतः कादंबरीकार, 'ब्लॅकवुड्स' मासिकात तक्रार करतात की हल्लीच्या नायिकांना बळकट बाहू आणि गरम श्वासच हवे असतात. अहो मग डॉक्टरांचं काय झालं? या दोघांना शेजारी ठेवलं की मधली जागा आपोआप दिसते. १८५८ च्या नव्या कोर्टात तर इसाबेला रॉबिन्सनची डायरीच वाचली गेली, नवऱ्याने तिच्या आजारपणात हाती लागलेली ही डायरी पुरावा म्हणून आणलेली, त्यात डॉक्टर लेनबद्दलची ओढ सगळी लिहिलेली, आणि तिच्या वकिलांनी बचाव केला की हे घडलेलं नाही, गर्भाशयाच्या विकारामुळे बाईला भास होतात. नवरा केस हरला. म्हणजे बाईची इच्छा एकतर गुन्हा किंवा आजार, तिसरी फाईलच नाही. कादंबऱ्या लिहिल्या जात होत्या त्या असल्या बातम्यांच्या शेजारी, हे डोक्यात ठेवा.

आपल्याकडचा धागा हवा असेल तर रखमाबाई. लहानपणी लग्न झालेली, नांदायला जायला नकार दिला म्हणून नवऱ्याने १८८४ मध्ये मुंबई हायकोर्टात दावा लावला, आणि दावा कशाखाली तर वैवाहिक हक्क परत मिळवण्याखाली, जो हिंदू धर्मशास्त्रातला नव्हे, इंग्लंडच्या चर्चच्या कोर्टांमधून आलेला. १८८७ मध्ये तिला सांगितलं की नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंग. गंमत अशी की इंग्लंडने स्वतःच्या बायकांसाठी ही तुरुंगाची शिक्षा १८८४ मध्येच काढून टाकली होती. शेवटी २,००० रुपये देऊन मिटलं आणि ती लंडनला जाऊन डॉक्टर झाली. टेसच्या काळात लंडनमध्ये होती ती, हे मला फार आवडतं.

'ईस्ट लिन' पण वाचा असं सगळे सांगतात, एलन वुडची, १८६१. पळून गेलेली बायको अपघातात चेहरा बिघडल्यावर रंगीत चष्मा लावून स्वतःच्याच मुलांची गव्हर्नेस म्हणून परत येते. रडायचं असेल तर घ्या. मला ती उपदेशामुळे जड गेली, पण एक प्रयोग करा, लेखिका "बायांनो असं करू नका" म्हणून थांबते ती वाक्यं सोडून वाचा, नायिकेचं काळीज, जिच्यासोबत ती पळाली त्या नालायक लेव्हिसनला बघून धडधडतं ते सगळं तिथेच लिहिलेलं आहे.

पुस्तकं सगळी फुकट मिळतात, प्रोजेक्ट गुटेनबर्गवर मजकूर आणि लिब्रिव्हॉक्सवर ऑडिओ, फक्त टेस घेताना मागच्या टिपा असलेली छापील आवृत्ती असेल तर बरं, कारण हार्डी प्रत्येक वेळी काहीतरी बदलत गेला. आणि एका बैठकीत संपवू नका, यातली बहुतेक पुस्तकं हप्त्याने वाचायला लिहिलेली आहेत, आठवड्याला दोन-तीन प्रकरणं, मध्ये गप्पा, अंदाज, भांडणं. आमच्या पाचजणींच्या ग्रुपवर सध्या 'वुमन इन व्हाइट' चाललीय, छपराच्या सीनपर्यंत पोचलोय, आणि गेल्या रविवारी एकीने पर्सिव्हलच्या त्या एका ओळीवर विचारलं "म्हणजे?", तर बाकी चौघी टाईप करतायत असं किती तरी वेळ दिसत राहिलं आणि शेवटी कुणीच काही पाठवलं नाही.